वाडगाभर पाणी

लातुरात आमच्या गल्लीत टँकरच्या पाण्यावरून रोज हाणामारीची वेळ यायची, आणि समोरचे म्हातारे काका मात्र सकाळी वाडगाभर गरम पाणी खुशाल दाराबाहेर फेकायचे. एक दिवस माझं डोकं सरकलं. भांडायलाच गेले.

ते पाटावर बसून वाडग्यात हिरवीगार भुकटी चाळत होते. तिच्यावर थोडं पाणी ओतून बांबूच्या काड्यांच्या इवल्या रवीनं घुसळायला लागले. मनगट भरभर हलत होतं, पण टँकरच्या खाऱ्या पाण्याला फेस काही येईना.

“काका, पाणी कशाला फेकायलात?”

“आधी गरम पाण्यानं वाडगा तापवून ते पाणी फेकायचं असतंय. लेक जपानात हाय. सुट्टीत आली तवा तिनं शिकवला ह्यो चहा. तिनं पाणी फेकलं अन् मी लई बोललो तिला. उपाशीच निघून गेली. तवापासून फोन न्हाई.”

त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. चहा कडूजहर होता. मी तो निमूट संपवला.

“तरी पण काका, असल्या दुष्काळात...” माझा आवाज केव्हाच उतरला होता.

रिकामा वाडगा पंच्यानं पुसत ते म्हणाले, “पाणी काय, येतंय की बाई टँकरनं.”