कडूबाईची परिषद

समुद्र बघायला निघालात तेव्हा तुम्ही घरी काय खोटं सांगितलं होतं?

काहीच नाही ना? बॅगा भरल्या, शेजाऱ्याला किल्ली दिली, "जरा फिरून येतो" म्हणालात आणि निघालात. सोपं असतं तुमचं. आमच्या कडूबाईला मात्र समुद्र बघण्यासाठी गोव्यात एक आख्खी परिषद भरवावी लागली. परिषद कुठंच नव्हती. तिनं ती तोंडानं भरवली.

कडूबाई कोण, ते आधी सांगते. तुमच्या डाळीत खडा लागत नाही, त्यामागं तिच्यासारख्या बाया असतात. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, शेडमध्ये तुरीच्या, हरभऱ्याच्या राशीपुढं बसायचं, सूप हलवायचं, खडे-काड्या वेचायच्या. मान दिवसभर खाली. मूळची सोयगावकडची, लग्न होऊन शहरात आली. नवरा सर्जेराव त्याच मोंढ्यात हमाल होता. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली. पोरगा आकाश वाळूजला कंपनीत आहे. सून करुणा घरी शिलाई मशीन चालवते आणि घरही चालवते.

मान खाली घालून बसणारी बाई म्हणून तुम्ही तिला गरीब समजलात तर फसाल. नामांतराच्या दिवसांत, अजून दोन वेण्या घालत होती तेव्हा, पोलिसांच्या गाडीत चढताना तिनं हवालदाराला सुनावलं होतं, "ढकलू नको, मला पाय हायेत." आज वस्तीतली निम्मी भांडणं तिच्या ओट्यावर मिटतात. कारण एकच. कडूबाई खोटं बोलत नाही. "कडूबाई बोलली ना? मग झालं," असं म्हणून लोक उठतात. रविवारी विहारात वंदना तीच घेते; ती पुढं म्हणणार, बाकीच्या मागून.

आणि प्रवास म्हणाल तर बाईनं कमी केलेला नाही. दर सहा डिसेंबरला वस्तीतल्या बायांना ती दादरला नेते. डब्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणी दारात, कुणी बाकाखाली, आणि कडूबाई आपली डोकी मोजतेय. चैत्यभूमीच्या रांगेत समुद्र अगदी शेजारी असतो. पण रांगेत तोंड पुढं, आणि लक्ष कुणाचं पोरगं सुटलं का याच्यावर. एकदा लाटेनं तिचा पदर भिजवला तर ती समुद्रावरच खेकसली. मला, तिच्या जुन्या मैत्रिणीला, म्हणाली, "सुले, समुद्राची अन् माझी तोंडओळख हाय. बोलणं नाय झालं कधी."

बाकीचे प्रवास म्हणजे मयत, बाळंतपण, मोर्चा. कारणाशिवाय ही बाई कधी गाडीत बसली नव्हती.

मग एक दिवस करुणाच्या मोबाइलवर तिनं कोकणच्या गाडीचा व्हिडिओ बघितला. काळे कडे, खाली पाणी, वरून झुकझुक जाणारी गाडी. सून पाणी भरायला गेली की सासूबाई मोबाइल उघडणार, असं सुरू झालं. शेवटी मोंढ्याबाहेर चहा पिताना मला म्हणाली, "माझ्याबरं येती का? नुसतं जायचं. खिडकीत बसायचं अन् यायचं. कुणाला मोजायचं नाय."

मी म्हणाले, "चल की. त्यात काय!"

"घरी काय सांगू?"

"सांग की फिरायला चालले."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी तिला चोरी शिकवतेय. "ह्या वयात? रांडमुंड बाई? फिरायला?"

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळेना, म्हणून चहावाल्यावर ओरडले.

संध्याकाळी गोव्याच्या गाडीचं नाव काढल्यावर करुणानं विचारलं, "आत्या, गोव्याला कशाला?" आणि आयुष्यभर खरं बोललेल्या त्या तोंडातून निघालं, "परिषद हाय. कष्टकरी बायांची."

झालं. रात्रीतून वस्तीभर. शेजारची सत्यभामा, म्हणजे कडूबाईची मोंढ्यातली जोडीदारीण आणि तोंडाची फटकळ, सकाळी ठेचा घेऊन हजर. "आपल्या नळाचं मांडा बरं का तिथं. अन् शेडमध्ये पंखा नाय, ते बी." कुणी भाकरी आणल्या, कुणी शेंगदाण्याची चटणी. विहारासमोर फूल देऊन निरोप. कडूबाईचा चेहरा असा, की हिला धरून नेतायत. रिक्षात बसल्यावर पहिलं वाक्य काय तर, "सुले, हे कळलं तर माझ्या शब्दाला कुत्रं विचारणार नाय."

तिकिटावर छत्रपती संभाजीनगर, बोलण्यात औरंगाबाद, अशा आमच्या गावातून निघून आम्ही ठाण्याला उतरलो आणि सकाळी कोकणच्या गाडीत बसलो. आरक्षण होतं. कडूबाईला स्वतःची जागा मिळाली, तीही खिडकीची, तर ती कडेला अंग चोरून बसली, आणखी तिघी यायच्या आहेत अशी.

समोर आमच्याच भागातलं जोडपं निघालं. कन्नडकडचे शेतकरी. तात्यासाहेब पेपर वाचत होते आणि द्वारकाबाई मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. मुलगी प्रेरणा गोव्यात दिलेली, तिच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. डब्यात डिंकाचे लाडू.

"अन् तुम्ही कशाला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते, पण कडूबाईच आधी बोलली. "परिषदेला."

"अरे वा," तात्यासाहेबांनी पेपर खाली घेतला. "विषय काय?"

आता आली का पंचाईत! पण बाई भाषणाला घाबरणारी नव्हे. तिनं पदर खोचला आणि सुरू झाली. शेडमधला पत्रा उन्हाळ्यात कसा तापतो, डाळीची धूळ छातीत कशी बसते, बाईनं बाळाला पाजायला उठलं तर मुकादम कसा घड्याळ बघतो. ती खिडकीकडं पाठ करून उभीच राहिली. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बसली. भजीवाला टोपली टेकवून ऐकायला लागला. "आम्ही तुमच्या ताटातला खडा काढतो, आमच्या वाटेतला कोण काढणार?" असं ती म्हणाली तेव्हा तात्यासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या डब्यानं वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा पलीकडची एक पोरगी आईला म्हणत होती, "केवढी मोठी खाडी होती ना गं!"

कडूबाई गर्रकन वळली. बाहेर डोंगराची कापलेली भिंत, तांबडा दगड, आणि लगेच बोगदा. अंधार.

"कवा गेली?" तिनं मला विचारलं.

"तू मुकादमावर होतीस तेव्हा."

बोगदा संपला, दुसरा आला. तो संपला, तिसरा. कोकणची गाडी समुद्राच्या काठानं जाते हे खरं, पण ती डोंगर कोरत जाते, आणि पाणी दाखवते तेही एखाद्या पुलावर, पापणी लवायच्या आत. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी रेल्वेला, मोबाइलवाल्यांना, सगळ्यांना शिव्या घालून घेतल्या. बोगद्याच्या अंधारात काचेत कडूबाईला स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि ती त्याच्याकडंच बघत होती.

मग ती द्वारकाबाईंना म्हणाली, "बाई, परिषद-बिरिषद काय नाय. मी समुद्र बघायला चालले."

द्वारकाबाईंनी तात्यासाहेबांकडं एक नजर टाकली. मग पुढं वाकून, हळू आवाजात, "घरी माहितीय?"

"नाय."

"अगं बया!" असं म्हणून द्वारकाबाई जी हसायला लागली ती थांबेना. पदर तोंडाला, डबा हलतोय, आत लाडू खडखडतायत. तात्यासाहेब म्हणाले, "हसायला काय झालं?" तर म्हणे, "तुम्ही पेपर वाचा!" मग तिनं तो डबा सकाळपासून पहिल्यांदा मांडीवरून काढला, नवऱ्याच्या हातात दिला आणि खिडकीशी सरकली. "मीबी तिसऱ्यांदा चाललेय या गाडीनं. एकदा मुलीसाठी स्थळ बघायला, एकदा तिचं घर लावायला. बाहेर काय हाय, देवाला ठाऊक."

दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. भाकरी निघाल्या, ठेचा निघाला. द्वारकाबाईंनी खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणखी मागितला. चिपळूणच्या पुढं बोलणंही कमी झालं. काळ्या कातळावरून पाणी निथळत होतं, खाली नारळाची शेंडी दिसायची, मधेच एखादी होडी चिखलात आडवी. प्रत्येक पुलाला कडूबाई काचेला कपाळ लावायची. मी तिला चहा विचारला तर हातानंच गप्प केलं.

मडगावच्या अलीकडं तो लांबलचक पूल आला. ऊन कलतं. दोन्हीकडं पाणीच पाणी, त्यात जहाजं उभी, आणि पार पलीकडं डोंगर सरून मोकळं झालेलं.

"हाच व्हय समुद्र?"

"ही खाडी," तात्यासाहेब डबा सांभाळत म्हणाले. "समुद्र तो तिकडं. ती रेघ चमकतेय ना, तिथनं पुढं."

पूल लांब होता. कडूबाईचं कपाळ काचेला चिकटलेलंच. पुलावरून गाडी उतरली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादरला मी त्याच्यावर उगं खेकसले."

दुसऱ्या दिवशी त्याच रुळानं परत. पण येताना तिला खिडकी गोड लागेना. "रविवारी इचारतील, सुले."

"सांग, ठराव झाले."

"नळाचं?"

"सांग, मांडलं."

"अन् पाणी आलं नाय म्हंजे? त्या परिषदेचं नाव खराब," ती म्हणाली. स्वतःच हसली.

रविवारी विहार भरलेला. परिषदेचा वृत्तांत ऐकायचा म्हणून एरवी न येणाऱ्याही आल्या होत्या. कडूबाई पुढं बसली, मेणबत्ती लावली, वंदना सुरू झाली. ती एक शील म्हणायची, मागून बाया म्हणायच्या. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं तिचा आवाज थांबला. मागच्या बाया सवयीनं अर्धं म्हणून गेल्या आणि अडखळल्या. मला वाटलं, खोकला आला असेल.

तिनं तोंड वळवलं. "परिषद नव्हती. मी समुद्र बघायला गेले होते."

मग सत्यभामा उभी राहिली. "आमचा ठेचा घेऊन?"

"खाल्ला. लई चांगला झाल्ता."

"अन् आमचा नळ?"

"नळाचं गाडीत बोलायचं राहिलं. शेडचं बोलले, मुकादमाचं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या." हे खरं होतं, पण सांगून उपयोग काय? मागं कुणीतरी फिसकन हसलं, सत्यभामा आणखी भडकली. "मला ठेच्याचं नाय. मी नवऱ्याला सांगितलं, आमची कडूबाई गोव्यात बोलणार. आता त्याला काय सांगू?"

करुणाचे डोळे भरले होते. "आत्या, मला खरं सांगितलं असतं तर मी काय नको म्हणले असते?"

"नको नसती म्हणली, बाळा," कडूबाई म्हणाली. "कशाला, असं म्हणली असती."

करुणानं पदरानं डोळे पुसले.

पण सत्यभामा सोडणारी नाही, आणि मी म्हणते, बरोबरच होतं तिचं. ती म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेपर्यंत वंदना करुणा घेईल." कडूबाई उठली, पुढची जागा सोडली, मागच्या भिंतीशी जाऊन बसली. करुणानं कापऱ्या आवाजात चौथं शील पहिल्यापासून घेतलं आणि सगळ्यांत मागून, सगळ्यांत मोठ्यानं, सासूचा आवाज आला.

सत्यभामा आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. एकाच राशीवर बसून. सूप इकडं, सूप तिकडं, मधे हरभरा. नवव्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "बोगदे लई लागतात म्हणं?"

"लई. पण मधे मधे उघडतंय."

"डाव्या खिडकीला बसायचं का उजव्या?"

"जाताना उजव्या. भाषण करायचं नाय फक्त."

सत्यभामानं खडा उचलून बाजूला टाकला. "घरी काय सांगू?"

"समुद्र बघायला चालले म्हण."

सत्यभामानं घरी तसंच म्हटलं. नवऱ्यानं विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "बघायला." तो पुन्हा म्हणाला, "पण कशाला?" घरात दोन दिवस तेवढंच चाललं. तिसऱ्या दिवशी तोच तिकिटाची चौकशी करायला स्टेशनवर गेला.

दिवाळीनंतर दोघी निघणार आहेत. या खेपेला मी नाही सोबत. कोकणच्या गाडीत, उजव्या अंगाला, भाकरीचं गाठोडं घेऊन बसलेल्या दोन म्हाताऱ्या तुम्हाला दिसल्या, तर गावाचं नाव विचारा, ठेचा मागा, तो तिखट लागला तर खुशाल बोंबला. फक्त कशाला चाललात, एवढं विचारू नका.