सरकारनं दारावर यायला हवं

हौसाआत्या गेल्याचं मला बारामतीच्या एसटी स्टँडवर कळलं. भिगवणच्या गाडीतून उतरलेल्या त्यांच्या भाच्याने मला पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, आत्या गेली..." दुपारी शेळ्यांना पाला टाकून ओसरीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. याला आता काही आठवडे झाले. वडिलांच्या चळवळीतल्या पत्रकांचे गठ्ठे वाटत मी मोठी झाले, त्यामुळे शांत सुरात लिहिणं मला फारसं जमत नाही. आणि हौसाआत्यांबद्दल फार शांतपणे लिहूही नये.

आत्या, म्हणजे साऱ्या पंचक्रोशीच्याच आत्या, इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या पाण्याकडेच्या वस्तीवर राहायच्या. सासरे मेंढरं घेऊन फिरले; आत्यांच्या वाट्याला थोडा ऊस आणि चार शेळ्या. एकुलता एक मुलगा म्हादू टेम्पो चालवायचा. हायवेवर त्याला लुटून मारलं. आरोपी सापडले, खटला उभा राहिला, आत्यांची साक्ष झाली. त्यानंतर त्या पुढच्या तारखेची वाट पाहत राहिल्या. शेवटी स्वतःच कोर्टात चौकशीला गेल्या, तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ती केस केव्हाच निकाली निघाली. आरोपी सुटले." आईला कुणी कळवलं नव्हतं, कारण तिला कळवायला हवं असं कुणाला वाटलंच नव्हतं. खटला सरकार विरुद्ध आरोपी. त्यात आई म्हणजे साक्ष देऊन मोकळी झालेली एक साक्षीदार!

त्याच सुमारास पेपरात वाचलं की संसदेची एक समिती पुण्यात येते आहे. गुन्ह्यात ज्यांचं माणूस गेलं, घर मोडलं, त्यांचं सरकार काय देणं लागतं, याचा ती अभ्यास करत होती. मी जागरण करून निवेदन लिहिलं. नुकसानभरपाई, फेरचौकशी, वारसाला नोकरी, सगळं घातलं आणि वस्तीवर जाऊन खड्या आवाजात वाचून दाखवलं. आत्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

"लई झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर त्यास्नी वाटंल, म्हातारी इलेक्शनला उभी ऱ्हायलीय."

"भरपाई मागायची नाही का मग?"

"माग की. हक्काचं हाय. पर म्हादूचं मी बोलनार."

"आत्या, तिथं वेळ थोडा देतात. मध्येच रडू आलं तर?"

"आलं तर येऊं दे. त्यांच्या घरी कुनी रडत न्हाय व्हय?"

समितीने आम्हाला बोलावलं. पुण्यातल्या त्या हॉलमध्ये गालिचा होता, माईक होते. आत्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि माईकपासून हातभर लांबच बसल्या. एका खासदारांनी आपुलकीने विचारलं, "बाई, सरकारकडून तुमची काय अपेक्षा आहे?"

"सायेब, माजा म्हादू गेला तवा समदा गाव दारावर आला. बांधावरनं ज्यांच्याशी भांडान, ते बी येऊन बसले. सरकार पंचनाम्याला आलं, साक्षीला बोलवाया आलं. दारावर न्हाय आलं."

दारावर येणं म्हणजे दुःख झालेल्या घरी जाऊन बसणं, हे त्याच खासदारांनी इतरांना हिंदीत समजावून सांगितलं. मग एकाने विचारलं, सरकारने येऊन करायचं काय?

"बसायचं," आत्या म्हणाल्या. "आन् सांगायचं. कोन घावला, कोन सुटला, फुडची तारीख कवा. निकाल लागला तर दुसऱ्या कुनाच्या तोंडून कळायच्या आदी येऊन सांगायचं. प्वार माजं व्हतं न्हवं?"

अध्यक्षांनी हे वाक्य पुन्हा म्हणायला लावून जसंच्या तसं टिपून घ्यायला सांगितलं. माझं निवेदनही त्यांनी ठेवून घेतलं. परतीच्या एसटीत दौंड मागे पडल्यावर आत्या म्हणाल्या, "त्यांचं व्हईस्तवर आपुन जाऊ दारावर."

आणि त्या जाऊ लागल्या... भिगवणपासून काटेवाडीपर्यंत जिथं कुणाचा खून झाला, कुणा पोरीवर हात टाकला गेला, तिथं आत्या जाऊन बसायच्या. कोर्टातून तारखा काढायचं काम माझं. "तू तारीख आन, भाषान आनू नगंस," असं बजावायच्या. भिगवणच्या पोलीस चौकीतले हवालदार सुरुवातीला वैतागायचे. "आत्या, आता खातं तुमीच चालवा!" यावर आत्यांचं उत्तर तयार, "चालवलं असतं रं, पर पदरावर टोपी बसत न्हाय." त्यांनी एकमेकींशी जोडून दिलेल्या कितीतरी बायका आज निकालाच्या दिवशी कोर्टात हजर असतात, पुढच्या बाकावर.

समितीचा अहवाल पुढे संसदेत ठेवला गेला. त्याचा अजून कायदा झालेला नाही, आणि तो होईपर्यंत आम्ही स्वस्थ बसणार नाही. एखाद्या बाईच्या पायपिटीवर किंवा एखाद्या शिपायाच्या भल्या मनावर सोडण्याची ही गोष्ट नव्हे. हे सरकारचं देणं आहे.

गेल्या आठवड्यात भिगवणजवळच्या एका वस्तीवर मी आत्यांशिवाय पहिल्यांदाच निघाले. तिथल्या मासेविक्रेत्या बाईच्या नवऱ्याला बाजारात भोसकून मारलं होतं. काय बोलायचं याची वाटभर जुळवाजुळव करत पोहोचले, तर अंगणात चौकीतले तेच हवालदार आधीच बसलेले. जमिनीवर मांडी घालून, टोपी मांडीवर, बूट बाजूला काढलेले.

"वैनी, आरोपीला जामीन मिळालाय," ते सांगत होते. "बाजारात एकदम म्होरं आला तर दचकाल, म्हनून आदी सांगाया आलो. फुडची तारीख सोमवारची हाय. या तुमी."

"तुमाला कुनी धाडलं?" बाईंनी विचारलं.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "कुनी न्हाय. आत्या गेल्या... म्हनलं, आता आपल्यालाच यावं लागंल."

ते आणखी थोडा वेळ नुसते बसून राहिले. मग उठले. दारावर आलेल्या माणसाने निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. हवालदारांनी बूट हातात घेऊन अंगण ओलांडलं, आणि टोपी वस्ती संपल्यावरच डोक्यावर चढवली.