उन्हाची तार

नाव नसलेली वस्तू जगात नाही आणि ते नाव आमच्या घरमालकांना, आप्पांना, ठाऊक नाही असे कधी होत नाही, याबद्दल शिरूरमध्ये दोन मते नव्हती. निदान आप्पांच्या तोंडावर तरी नव्हती. गावात एके काळी गोऱ्यांच्या घोडदळाची छावणी होती. त्यामुळे कुठेही खणले की गंजके लोखंड निघे आणि ते थेट आप्पांच्या ओट्यावर येई. आप्पा ते हुंगत, नखाने खरवडत आणि निकाल देत. एका वाकड्या आकड्याला त्यांनी "गोऱ्याच्या घोड्याची दातकोरणी" ठरवले होते. कुणी शंका काढलीच, तर विचारत, "तवा तू व्हतास का?" तेव्हा आप्पाही नव्हते, पण हे सुचेपर्यंत माणूस पायऱ्या उतरलेला असे. माझ्या घरात मिठाच्या डब्यावरही नेमक्या नावाची चिठ्ठी असते, त्यामुळे मला हे असले बारसे मानवत नसे. पण माणूस आवडे.

दौंडच्या डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराच्या टाकाऊ सामानाच्या, लिलावातून त्यांनी एकदा एक यंत्र आणले. तिपाई, तिच्यावर मागेपुढे कलणारा गोल आरसा आणि खाली दाबायची पितळी पट्टी. "सायबाचा दाढीचा आरसा," आप्पांनी जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्यात दाढीला बसले, तर आरशाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पाराच नव्हता आणि तो ठिपका नेमका नाकाच्या शेंड्यावर येत होता. घरमालकीण काकू दारातून म्हणाल्या, "आणा अजून डिस्पोजल. व्हतं ते नाक बी गेलं."

आप्पा रुसून यंत्रासकट गच्चीवर गेले. त्यांची ती जागाच होती. एकुलती लेक घोडनदीपलीकडच्या गावात दिली होती आणि तिच्या घराचे मातीचे धाबे गच्चीवरून दिसे. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही, हा नेम. पाणी प्यायचे नाही, तर जायचे कशाला, म्हणून जाणेही बंद. नुसते बघत बसत. त्या दिवशी त्यांनी चिडून पट्टी दाबली, आरसा हलला आणि उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर उडाला. पुन्हा दाबली, पुन्हा उडाला. आप्पा धावत खाली आले. "तार हाय ही, निरोप धाडायची. उन्हाची तार."

पलीकडे निरोप मीच नेला: सकाळी पितळी परात घेऊन धाब्यावर ये. मग रोज इकडून आरसा चमके आणि तिकडून परात. "चमाकली म्हंजी बरी हाय," एवढीच त्यांची लिपी.

एके दिवशी परात चमकली नाही. आप्पांनी ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट पाहिली आणि सदऱ्याची बटणे वरखाली लावून नदीपलीकडे गेले. संध्याकाळी परतले.

"ताईला काय झालं होतं?" मी विचारले.

"काय न्हाई. पाव्हणं आलं व्हतं. परातीत पीठ मळत व्हती."

"आणि तुमचा नेम?"

"प्यालो. दोन तांबे."

आता आप्पा नाहीत. त्या यंत्राला हेलिओग्राफ म्हणतात आणि लष्कर त्यावरून उन्हाच्या चमकांनी खरोखरच निरोप धाडत असे, हे मला फार पुढे कळले. ते यंत्र सध्या माझ्याकडे आहे आणि सवयीप्रमाणे मी त्यालाही चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर मात्र आप्पांनी दिलेलेच नाव आहे.