दोन डिक्क्यांची गाडी

आमच्या घरातून गाडी कधी रिकामी निघत नसे. तशी कोणी पाटी लावली नव्हती, पण नियमच होता. मी माझ्या समता कॉलोनीतल्या दातांच्या क्लिनिकला निघाले की जाऊबाई पर्स सावरत बाहेर येणार, "थांब वो, मले सदर बाजारात सोडून दे." पुतण्याला ट्यूशनला जायचं असणार, सासूबाईंना देवळात. आणि कोणी नागपूरला जाणार म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून पिशव्या यायला लागायच्या. आमच्यासारखी रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली मराठी घरं, प्रत्येकाचं अर्धं गोत नागपुरात. "जाऊनच राहिले तं एवढं घेऊन जा," म्हणून कोणी पापड द्यायचं, कोणी लोणचं, कोणी नातवाचा स्वेटर. सीट रिकामी दिसली की माणूस आणि डिक्की रिकामी दिसली की पिशवी. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावं असं कोणाच्या मनातही येत नसे.

अशा घरात माझ्या नवऱ्यानं दोन सीटांची गाडी आणली. त्याला समोर मी 'तुम्ही' म्हणते, लिहिताना मात्र तो एकेरीच येतो, इलाज नाही.

दोघा भावांची शहराबाहेर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाची रोलिंग मिल आहे. थोरले बोलतात, हा मान डोलावतो आणि मशिनं चालू ठेवतो. अशा माणसानं कोणालाही न विचारता एका ओळखीच्याकडून जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली, याचा धक्का मला गाडीपेक्षा मोठा होता. राखाडी रंगाची, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी. सासूबाई अंगणात आल्या आणि तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "इंजिन कुठं आहे रे?"

"मधे आहे आई. सीटांच्या पाठीमागे."

"मग पुढं काय?"

"पुढं डिक्की. मागंही डिक्की."

"अन् माणसं?"

"दोन."

सासूबाईंनी घराकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि आत गेल्या. मी मात्र बोलले. दोन डिक्क्या म्हणजे केवढी चंगळ असं कोणाला वाटेल, पण दोन्ही मिळून आमच्या घरची एक बॅग धड मावत नव्हती. पुढची खोल पण अरुंद. तिच्यात तांदळाची छोटी पिशवी उभी राहायची आणि तिच्या डोक्यावर एक कोबी. मागची उथळ, आणि इंजिनला चिकटून असल्यामुळे गरम. मागच्या सीटवर पर्स टाकावी, छत्री फेकावी, तर मागची सीटच नाही. पर्स मांडीवर, पाण्याची बाटली पायाशी, आणि साडी नेसून त्या गाडीत बसायचं म्हणजे आधी खाली पाटावर बसल्यासारखं टेकायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. आमच्या कॉलोनीच्या तोंडाशी एक उंच स्पीडब्रेकर आहे. दोघं बसलो की गाडी त्याला घासायची. म्हणून मी उतरायची, तो गाडी तिरपी करून हळूच पार करायचा, आणि पलीकडे मी पुन्हा चढायची. माझ्या वजनाचा असा जाहीर पंचनामा दर खेपेला व्हायचा. पानठेल्यावरचे लोक आदबीनं दुसरीकडे पाहायचे.

जाऊबाईंनी एकदा श्रीखंडासाठी चक्का आणायला सांगितला. पुढच्या डिक्कीत भाजी होती, म्हणून मी तो मागे ठेवला. घरी येईपर्यंत त्याची पार दैना झाली होती. जाऊबाईंनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "आता थंडीत इडलीचं पीठ हिच्यातच ठेवत जाऊ. मस्त फुगेल." पुढचे कितीतरी दिवस घरात हाच विनोद चालला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

आणि तरीही दर रविवारी सकाळी मी त्या गाडीत बसत होते. सुरुवातीला नाइलाजानं. त्याला नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर गाडी न्यायची असायची आणि दुसरं कोणी यायला तयार नसायचं. आमची पोट्टी, म्हणजे मुलगी, म्हणायची, "पापा, मेरी फ्रेंड्स कहाँ बैठेंगी?" आणि झोपून राहायची. मग मीच. आम्ही दोघं जायचो, एका ठेल्यावर टमाट्याच्या चटणीबरोबर तांदळाच्या पिठाचा गरम चीला खायचो आणि परत यायचो. एवढंच.

पण दार लागलं की काहीतरी व्हायचं. आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. त्या वीस वर्षांत आम्ही दोघं एकटे कधी होतो, हे मी आठवून पाहिलं तर उत्तर यायचं, खोलीत. आणि खोलीची भिंत सासूबाईंच्या खोलीला लागून, त्यामुळे तिथं बोलणं म्हणजे कुजबुज, आणि कुजबुजीत फक्त कामाच्या गोष्टी होतात. घरच्या मोठ्या गाडीत तर मागच्या सगळ्या कानांसाठी बोलायचं. या गाडीत मागे इंजिन घरघरत असायचं. मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि ऐकणारं कोणी नसायचं.

एका रविवारी त्यानं मला सांगितलं की शिकून झाल्यावर त्याला पुण्याला गाड्यांच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. सामान बांधून झालं होतं. वडिलांचा एक फोन आला आणि तो उरल्याला आला. "कोणाले सांगितलं नाही कधी," तो म्हणाला, "दादाले वाटलं असतं मी त्याच्यावर नाराज आहे." या माणसाचे बनियन मी वीस वर्षं घड्या घालून ठेवत होते.

आणि एकदा त्यानं मला विचारलं, "तुझा हात थरथरते का कधी? दात काढताना?"

मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. घरी मला विचारत, भाजी काय करायची, फी किती घेतेस, क्लिनिक किती वाजता बंद करतेस. मी म्हटलं, "थरथरते. लहान पोट्टं समोर असलं की थरथरते." मग मी त्याला खूप काही सांगितलं. चीला थंड झाला.

सदर बाजारातला किस्साही त्याच दिवसांतला. मंगळसूत्र गाठवायला दिलं होतं, ते घेऊन निघालो तर गाडीभोवती ही गर्दी. दुचाकीवाले थांबून पाहत होते. एक जण म्हणाला, "भैया, इंजन तो दिखाओ." नवऱ्यानं काय मनात आणलं कोण जाणे, गंभीर चेहऱ्यानं पुढचं झाकण उघडलं. आत मेथीची जुडी, माझा क्लिनिकचा अॅप्रन आणि एक लांबलचक दुधी. तो माणूस ओरडला, "अरे, ये तो लौकी से चलती है!" नवरा हसायला लागला. भर बाजारात, गाडीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नात, बारशात, कुठंच मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हा लाज वाटत होती, कधी एकदा झाकण लावतो असं झालं होतं. आज वाटतं, आणखी थोडा वेळ उघडं राहू द्यायला हवं होतं.

मग सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. दुपारची वेळ. थोरले आणि जाऊबाई मोठी गाडी घेऊन भिलाईला लग्नाला गेले होते. घरी ही एकच गाडी. नवऱ्यानं ती पायऱ्यांपर्यंत आणली. आम्ही दोघांनी सासूबाईंना उचललं, पण त्या सीटवर माणूस ठेवायचा म्हणजे जवळजवळ जमिनीवर ठेवायचा. कमरेतून वाकवताच त्या इतक्या कळवळल्या की आम्ही त्यांना तसंच धरून उभे राहिलो. शेवटी शेजाऱ्यांनी ऑटो आणला. मी त्यांच्याबरोबर ऑटोत बसले, आणि मागून तो त्या चकचकीत गाडीत एकटाच येत राहिला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सगळं नीट झालं. पण त्यानंतर चाकाची खुर्ची आली. ती घडी करून पुढच्या डिक्कीत जाईना, मागच्या डिक्कीत जाईना. माझ्या मांडीवर ठेवली तर सासूबाई कुठं बसणार?

रात्रीच्या जेवणाला सगळे होते. मीच म्हटलं, "ही गाडी विका. घरचं माणूस जिच्यात मावत नाही ती काय कामाची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोरले म्हणाले, "बरोबर बोलून राहिली ते." जाऊबाई म्हणाल्या, "मी तं कधीपासून म्हणत होती." माझं बोलणं बरोबरच होतं, आजही मला त्यात चूक सापडत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. नवऱ्यानं पानातला वरणभात कालवला आणि म्हणाला, "हव." भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होऊन बसले होते, आणि त्या भांडणात कदाचित माझ्याही तोंडून निघालं असतं की रविवारचं काय करायचं.

बिलासपूरचा एक माणूस गाडी घेऊन गेला. आमच्याकडे सात सीटांची नवी गाडी आली. तिच्यात चाकाची खुर्ची मावायची, तांदळाचं पोतं मावायचं, नागपूरच्या सगळ्या पिशव्या मावायच्या. सासूबाईंना पाय सरळ ठेवावा लागे म्हणून त्या पुढे बसत. मी मधल्या ओळीत, औषधांची पिशवी घेऊन. नवा रायपूरला आम्ही नंतरही जायचो, पण पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि सगळं घर घेऊन. तो गाडी छान चालवायचा. मला त्याची मान दिसायची. त्या मानेवरचे केस पांढरे होताना मी मधल्या सीटवरून पाहिले.

घरी आम्ही पुन्हा कुजबुजायला लागलो. गॅस संपला, पोट्टीची फी भरायची, दादाचा फोन होता. एकदा मी खोलीत मुद्दाम विचारलं, "पुण्याला गेले असते तं काय केलं असतं तुम्ही?" त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं आणि ओठांवर ठेवलं. मी दिवा मालवला. नंतर कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, गच्चीवर नेऊन विचारायला हवं होतं, पण मी कामात होते, आणि कामात असलेली बाई स्वतःला फार शहाणी समजते.

सासूबाई गेल्या. जाऊबाईंचं बिऱ्हाड नव्या फ्लॅटमध्ये गेलं. मुलगी बंगलोरला. परवा नागपूरला माझ्या भाच्याच्या लग्नाला निघायचं होतं आणि निघणारे आम्ही दोघंच होतो. मी किती वर्षांनी पुढे बसणार होते. हसू नका, मी नवी साडी काढली होती. पाच-सहा तासांचा रस्ता. काय काय बोलायचं ते मी मनात ठरवत होते. क्लिनिक आता बंद करावं असं वाटतं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

बॅगा ठेवून झाल्यावर तो गाडीकडे पाहत उभा राहिला. मग खिशातून फोन काढला.

"कोणाले लावता?"

"शेजारच्या काकांले. त्यांची बहीण आहे ना नागपूरले. एवढी मोठी गाडी, दोघंच काय जायचं?"

"मले दोघंच जायचं आहे," मी म्हटलं.

त्यानं फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. काळजीनं.

"काहून? काही झालं का?"

खरोखरच विचारत होता. मी त्याच्या चेहऱ्यात शोधून पाहिलं, तो चेष्टा करतो आहे का, ते रविवार आठवून बोलतो आहे का. तिथं काहीच नव्हतं, एका चांगल्या माणसाची काळजी तेवढी होती. रस्त्यावर दूधवाला जात होता. उत्तर लांबलचक होतं आणि ते द्यायची मला सवय राहिली नव्हती.

"नाही," मी म्हटलं, "काही झालं नाही. विचारा त्यांले."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं फोन कानाला लावला आणि उत्साहानं म्हणाला, "काका, नागपूरले निघून राहिलो. काकूंले घेऊन या ना, भरपूर जागा आहे."