दहाव्या सुपारीची हाक

मी वकील माणूस. शपथेवर सांगितलेलंही अर्धंच धरायची सवय. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी मला नेहमीच पुराव्याअभावी फेटाळण्यासारख्या वाटत आल्या. पण या एका प्रकरणात साक्षीदार मीच आहे... पंचाईत तिथेच आहे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. बेळगावला खासबागेत आमचं घर. आई लवकर गेली, म्हणून मला आणि धाकट्या सुबूला थोरल्या बहिणीनं, आक्कानं वाढवलं. सुबू पुढे परदेशी मालवाहू बोटीवर लागला. एकदा रजेवर आला असता तो जेवताना सांगत होता, "बोटीवर आता एक डबा आलाय आक्का. बोट बुडाली तर तो आपोआप वर तरंगतो आणि हाका मारायला लागतो. वर आकाशात उपग्रह असतो, तो ऐकतो."

"कुठला ग्रह?"

"उपग्रह गं!"

"मग तो ओ देतो काय?"

"न्हाय. नुसतं ऐकतो, आणि खाली माणसांना कळवतो."

"हाक ऐकून ओ देत न्हाय? लईच तोऱ्याचा दिसतोय. त्याची शांत करायला पायजे."

सुबू निघण्याआधी तिनं खरोखरच नवग्रहांची शांत घातली. तांदळावर नऊ सुपाऱ्या मांडल्या होत्या; तिनं शेजारी दहावी ठेवली. रेशमी सोवळ्यातले गुरुजी भडकले, "शास्त्रात दहावा ग्रह नाही!"

"शास्त्र लिवलं तवा सुबूची बोट न्हवती," आक्का म्हणाली.

मी हसून घेतलं. सुबूनं तर बोटीवर सगळ्यांना ही गोष्ट सांगितली म्हणे. पूजा उरकल्यावर ती सुपारी देव्हाऱ्यातच राहिली.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कोर्टातून जेवायला घरी आलो होतो. आक्का आमटी वाढत होती. मधेच पळी हातात तशीच धरून ती देव्हाऱ्याकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ओ! यारप्पा? तडी, बंदे!"

कोण रे, थांब, आले... पण कानडीत! आक्काची कानडी भाजीबाजारापुरती; घरात कधीच नाही. ती दारापर्यंत जाऊन परत आली.

"कुणी न्हाय. पोरगं हुतं. 'अक्का, इद्दीरा?' म्हणत हुतं. लई रडवेलं."

"आहात का म्हणून विचारणारा भाजीवालाच असेल."

"भाजीवाला देव्हाऱ्यातनं हाक मारतो व्हय रं?"

"मग सुबू असेल!" मी चेष्टा केली.

"सुबू मला कानडीत कशाला हाक मारंल? आवाज बी त्याचा न्हाय."

ती जेवली नाही. देव्हाऱ्यापुढे बसून राहिली, आणि मधून मधून — कुणाला कोण जाणे — "ओ" देत राहिली. मी कोर्टात परत गेलो. संध्याकाळी आलो तरी ती तिथेच होती.

नंतर कंपनीची तार आली. बोट त्याच दिवशी वादळात बुडाली, सुबू जखमी, पण सुखरूप.

बरा होऊन तो घरी आला तो एका मंगळूरच्या सोबत्याला घेऊन. शेखर त्याचं नाव. सुबू रिक्षातून सामान काढत होता, शेखरनं पुढं होऊन दारातूनच लाजत हाक मारली, "अक्का, इद्दीरा?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "ओ! यारप्पा? तडी, बंदे!"

शेखरच्या हातातली बॅग खाली पडली. तो पायरीवरच बसला.

सावरल्यावर त्यानं सांगितलं. तराफ्यात पाणी भरत होतं, सुबू बेशुद्ध. शेखर त्याचं डोकं पाण्याबाहेर धरून होता आणि हात सुटत चालले होते. दोरीला बांधलेला तो डबा बाजूला लुकलुकत होता, पण वर कुणी ऐकलंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा त्याला दहावी सुपारी आठवली. वेड्यासारखं डब्याला तोंड लावून त्यानं हाक मारली. "आणि कुणीतरी म्हणालं, थांब, आले. कुणी यायचं म्हटल्यावर हात कसा सोडणार?" उपग्रहाच्या निरोपावरून निघालेली बोट पोहोचेपर्यंत त्यानं सोडला नाही.

आक्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "लई ओरडत हुतास की रं," एवढंच म्हणाली, आणि पानं घ्यायला गेली.

त्या डब्यातून उलट आवाज येत नाही. मी माहीतगारांना विचारून खात्री केली आहे. योगायोग, भास, खाऱ्या पाण्याचा परिणाम — मीच मांडलेला एकही युक्तिवाद मला पटलेला नाही. आक्का आता नाही. देवाला मी अजूनही हात जोडत नाही. मात्र त्या सुपारीवरची धूळ मीच पुसतो, आणि पुसताना, घरात कुणी नसेल तर, हळूच "ओ" म्हणतो.