तोंडात उरलेलं वाक्य

अक्कांनी मला पाहुण्यांसमोर ओसरीवर बसवलं आणि विचारलं, “तू गाढव हाईस का गं?”

“व्हय अक्का,” मी म्हणाले.

पाहुणे हसले. एकीचा चहा सांडला. मला सगळं कळत होतं. शब्दन् शब्द कळत होता. तोंडातून मात्र तेवढंच निघत होतं.

भूममधल्या त्या घरात मी तेवीस वर्षं भाकरी थापल्या. अक्का मालकीण, मी स्वयंपाकीण. एका सकाळी पीठ मळताना उजवा हात परातीत पडला, तो उचललाच गेला नाही. लकवा. शुद्धीवर आले तेव्हा वाचा गेलेली. उरलं ते हे एक वाक्य. डॉक्टरांनी नाव विचारलं, व्हय अक्का. पोरीनं पाणी देऊ का विचारलं, व्हय अक्का. पोटच्या पोरीला मी अक्का म्हणत होते. ती तोंड फिरवून रडायची.

हे सगळं तीच लिहितेय. विचारून विचारून एकेक ओळ करते, वाचून दाखवते. चुकलं की मी डावा हात जमिनीवर आपटते. ती खोडते.

त्या दिवशी हसून झाल्यावर अक्कांचं लक्ष पोरीकडं गेलं. बारावीला होती, मला घरी न्यायला आली होती.

“हिचं कॉलेज बंद करून तुझ्या जागी कामाला लावतीस नव्हं?”

मी जीव खाऊन तोंड उघडलं. “व्हय अक्का.”

“बघ, तुझी आईच म्हणतीया,” अक्का पोरीला म्हणाल्या. मी नाही नाही अशी मान हलवत होते. माझी मान कोण बघतंय.

घरी येऊन घेरी येईस्तोवर मान हलवली. पोरीला कळलं होतं. पण राहतो ती खोली अक्कांची, आणि शब्द चारचौघांत गेलेला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या परातीसमोर बसली. मला मरावंसं वाटलं. मरते म्हणायलाही शब्द नव्हता.

धाराशिवच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला हात ठेवला. बोलणं बहुतेक इथं असतं, इथलंच रक्त अडलं, म्हणाल्या. सवयीनं हजारदा म्हटलेलं कधी कधी तेवढंच वाचतं. ऐकून माझी मलाच लाज वाटली. मग संताप आला. देवाचं नाव नाही वाचलं, पोरीचं नाही. हे वाचलं.

गाण्याचं काम डोक्याची उजवी बाजूही करते, एखादं गाणं म्हणा, असं बाई म्हणाल्या. मी आईची जात्यावरची ओवी धरली. अख्खी ओवी बाहेर आली. पोरगी बघतच राहिली.

आता ह्याच चालीवर एक शब्द बसवू, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरा, बाई म्हणाल्या. त्या शब्द सांगत गेल्या. पाणी. भूक. पोरीचं नाव. पोरगी आशेनं माझ्याकडं बघत होती. मी एकेकाला नकाराची मान हलवली. ‘न्हाय’ म्हणाल्या तेव्हा मी टेबलावर हात आपटला, हाच शब्द हवा होता.

दोन महिने घोकला. पोरगी तिकडं भांडी घासायची, मी खोलीत मांडी बडवायची.

मग अक्कांनी परत पाहुण्यांसमोर खेळ मांडला. “पोरगी कायमची माझ्याकडंच ठिवू ना?”

व्हय दातांपर्यंत आलं. गिळलं. मांडीवर थाप मारली.

“न्हा... य.”

“काय म्हणलीस?”

परत थाप. परत म्हणाले. ओवीच्या चालीवर, वाकड्या तोंडानं, लाळ गळत. या वेळी कुणी हसलं नाही. भांडी टाकून आलेल्या पोरीचं ओलं मनगट डाव्या हातानं धरलं आणि पाय ओढत बाहेर पडले.

खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे. कुठं जायचं, माहीत नाही. पोरगी परत कॉलेजात जाते. तिचं नाव मला अजून घेता येत नाही. बोलायला गेलं की आजही व्हयच आधी तोंडात येतं. येऊ दे. जोवर डावा हात हलतोय, तोवर ते गिळीन आणि न्हाय म्हणीन.