मंदाच्या डब्यातल्या चिंध्या

रविवार, मंदाच्या तेराव्यानंतरचा दुसरा दिवस. हजर : तिची आई गयाकाकू, भाऊ दत्ता, भावजय सुरेखा आणि मी. गैरहजर : मंदा. असं लिहायची सवय आमच्या वर्गातली. धाराशिवच्या कॉलेजात बी.ए.ला प्राकृत हा मुख्य विषय घेणाऱ्या त्या वर्षी आम्ही दोघीच होतो, तरी सर रोज रजिस्टर उघडून दोन्ही नावं वाचायचे. समोर बसून मंदा म्हणायची, "सर, मी आले न्हाय," आणि सर मान खाली घालून हसत तिची हजेरी लावायचे.

मी तो विषय घेतला कारण त्याचे तास माझ्या एस.टी.च्या वेळेत बसत होते. मंदाला मात्र तोच हवा होता. तिचे वडील शेतातून आले की विचारायचे, "मेलेली भाषा शिकून जित्या माणसांशी काय बोलणार गं तू?" त्याचं उत्तर तिला एका सकाळी वर्गात सापडलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ओळीत 'चिक्खल्ल' शब्द आला आणि ही बाकावरून उठलीच. "सर, ह्यो तर आमच्या आईचा शब्द. पायाला लागलेला रोज बघते मी!" त्या दिवसापासून तिनं कार्डं करायला घेतली. एका बाजूला पोथीतला प्राकृत शब्द, दुसऱ्या बाजूला तिच्या वाडीत कानावर पडलेला. तुप्प, तूप. पोट्ट, पोट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवायची. मी एकदा ती नीट लावायला गेले तर तिनं हातावर चापट मारली. "सुले, माझ्या पसाऱ्याला हात लावायचा न्हाय."

पुढं मी पंचायत समितीत लागले. मंदा तुळजापूरला तासिका तत्त्वावर मराठी शिकवत राहिली. प्राकृत शिकवायला जागाच निघाली नाही. तिनं त्याची कुरकुर केलेली मला आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांशेजारी शेंगा फोडत बसायची आणि घरी येऊन कार्डं लिहायची. तिला त्याचं पुस्तक करायचं होतं. प्रत्येक शब्द ज्याच्या तोंडून आला त्याच्या नावाखाली छापायचा, हा तिचा हट्ट. "ह्यातली निम्मी माणसं गेली गं. सातबाऱ्यावर न्हाईत, कुठंच न्हाईत. इथं तरी असू देत." शेवटच्या भेटीत म्हणाली, "तू यादी कर, माणसं मी सांगते. बसू या रविवारी." मी म्हटलं, मार्चएंड आहे, तो संपू दे... मार्च संपायच्या आत दत्ताचा फोन आला. तुळजापूरच्या गाडीची वाट बघत ती स्टँडवरच्या बाकावर बसली होती. गाडी लागली तरी उठली नाही.

तर त्या रविवारी मी डबा मागून घेतला. दुःखात हाताला काम लागतं मला. कार्डांमध्ये अधूनमधून कापडाच्या चिंध्या अडकल्या होत्या. त्या काढून बाजूला ठेवल्या, कार्डं पुसली, अकारविल्हे लावली, रबर घातले. दोन तासांत डबा ऑफिसच्या कपाटासारखा झाला. गयाकाकू आतून आल्या, आधी डब्याकडं आणि मग चिंध्यांच्या ढिगाकडं बघत राहिल्या.

"हे काय केलंस माय... माणसं काढून टाकलीस की."

मला कळेना. त्यांनी एक हिरवी चिंधी उचलली. "ही सोजरची. तिच्या लुगड्याची. हिच्या मागं सोजरचे शब्द. हे धोतर म्हादूआबाचं, त्यो मेंढरं राखायचा." मंदा ज्याचे शब्द घ्यायची त्याच्याकडून जुन्या कपड्याचा तुकडा मागून आणायची आणि त्याच्या कार्डांपुढं लावायची. नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं.

काकू मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून दर रविवारी मी वाडीला जाते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द वाचते. कधी त्या लगेच सांगतात, "सोजर. दुसरं कोण?" कधी नुसत्या डोळे मिटून बसतात. सोजरमावशी बऱ्याचशा परत आल्या. म्हादूआबा अर्धेच.

गेल्या खेपेला ढिगाच्या तळाशी एक पिवळी चिंधी निघाली. काकू म्हणाल्या, "ही तुझी ओढणी न्हाय का? कॉलेजातली?"

माझीच होती. मी कधी दिली, आठवत नाही. म्हणजे त्या डब्यात मीही होते. मी 'उशीर'चं कार्ड वाचलं तेव्हा काकू पहिल्यांदाच हसल्या. "ह्यो तुझा. दारातनंच वरडायचीस, मंदे चल, उशीर झाला!" पाठीमागं मंदाच्या बारीक अक्षरात 'उस्सूर', आणि खाली अर्थ : सूर्य मावळण्याची वेळ.

चिंधी आता माझ्या टेबलावर आहे. तिच्यामागं ते एकच कार्ड. माझी बाकीची कुठली, ते काकूंना सांगता येत नाही आणि मलाही ओळखता येत नाही. आपण काय बोलतो ते आपल्याला कुठं ऐकू येतं? ते तिला ऐकू यायचं. माझ्या यादीतली बाकीची कामं झाली : मृत्यूचा दाखला, कॉलेजला पत्र, तिची पुस्तकं वाचनालयाला. हे एक राहिलं आहे.